सफरचंदप्रामाण्यविचार, अर्थात मुरारच्या हातगाडीवरील फळाचे यथार्थ ज्ञान

ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. ज्याला पुढे वाचायचे नाही त्याची त्यामुळे वेळेवर सुटका होते. त्याला अनुसरून निवेदन असे. विषय: मुरारच्या सदर बाजारात हातगाडीवर रचलेले सफरचंद घरी नेऊन चावण्यापूर्वी ते कसे निघेल याचे ज्ञान होऊ शकते काय. प्रयोजन: पैसे वाचवणे, ओघात मोक्ष मिळाल्यास आमची हरकत नाही. अधिकारी: ज्याच्या हातात पिशवी आहे तो. संबंध: अधिकारी आणि विषय यांच्यामध्ये काटा घेऊन जो उभा असतो, तो.

यावर पूर्वपक्षी म्हणेल की विषय अगदीच किरकोळ आहे. सफरचंद वाईट निघाले म्हणून कोणी मरत नाही. चार केळी आणि दूध-साखर घालून ते खपवता येते. त्याला आमचे उत्तर असे. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी मराठी घरे इकडे आली, त्यांचे मराठी हिंदीच्या शेजाराने पुष्कळ मऊ झाले, पण वाद घालण्याची हौस जशीच्या तशी राहिली. ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार ही तीन गावे एका शहरात नांदतात, आणि लष्करातला माणूस मुरारच्या माणसाला आजही ऐकवतो, ‘फळं घ्यायची तर आमच्याकडे यावं.’ दोन्हीकडचे फळ बहुधा एकाच ट्रकातून उतरलेले असते. हे दोघांनाही ठाऊक असते आणि दोघांचेही मत बदलत नाही. पुराव्याचा मतावर काडीचाही परिणाम होत नाही असा प्रश्न किरकोळ कसा म्हणावा? तो शास्त्राचाच प्रांत.

लक्षणविचार

दाताच्या दृष्टीने सफरचंदाचे चार प्रकार होतात. पहिले करकरीत. हे दात लागताच फुटते, शेजारच्या खोलीत ऐकू जाते आणि रस हनुवटीपर्यंत येतो. दुसरे रवाळ. हे फुटते, पण गाजावाजा करत नाही. जिभेला बारीक कण लागतात, आणि गोडी बहुधा याच अवस्थेत भरास आलेली असते. तिसरे पिठूळ. हे फुटत नाही, ढासळते. चौथे पोचट. याच्या सालीला सुरकुती असते आणि अंगठ्याने पाडलेला खड्डा भरून येत नाही. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला मुरारचे गिऱ्हाईक ‘भुरभुरा’ म्हणते आणि फळवाला त्याच फळाला ‘मक्खन’ म्हणतो. वस्तू एक, प्रतीती दोन. वेदान्त्यांनी दोरी आणि साप यांच्यावर उगाच इतका वेळ घालवला.

पिठूळ सफरचंद कोरडे असते, हा सर्वत्र रूढ असलेला भ्रम इथेच दूर केला पाहिजे. सफरचंदात पाणी सुमारे ८५ टक्के असते, आणि पिठूळ फळातही ते फारसे कमी नसते. फरक पाण्यात नाही, सांध्यात आहे. गराच्या पेशी पेक्टिनच्या थराने एकमेकींना चिकटलेल्या असतात. फळ ताजे असते तेव्हा हा सांधा पेशीच्या भिंतीपेक्षा मजबूत असतो. म्हणून दात पडला की भिंती फुटतात आणि रस बाहेर येतो. फळ पिकत जाते, स्वतःच सोडलेल्या इथिलीन वायूने आणखी पिकत जाते, तसतसा तो सांधा विरघळतो. मग दाताखाली पेशी फुटत नाहीत, नुसत्या सुट्या होतात आणि आपापला रस पोटाशी धरून घशाकडे घरंगळतात. तात्पर्य, पिठूळ सफरचंद गरीब नसते, कंजूष असते.

प्रमाणविचार

भाट्ट मीमांसक यथार्थ ज्ञानाची सहा साधने मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ति आणि अनुपलब्धि. सहाही साधने सदर बाजारात लावून पाहू.

प्रत्यक्ष. गाडीसमोर जिभेला प्रत्यक्षाचा अधिकार नाही, तो फक्त डोळ्याला आहे. डोळ्याला लाल रंग दिसतो, आणि डोळा समाधान पावतो. या समाधानाची जगाने काय किंमत मोजली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या आयोवा प्रांतात पेरू नावाचे गाव आहे. (फळाच्या इतिहासात गावाचे नावही फळासारखे निघावे, हा योगायोग.) तिथे जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप ओळ सोडून उगवले. त्याने ते छाटले. ते पुन्हा आले. अखेर ठेवले, आणि त्याला पिवळ्यावर लाल रेघा असलेली गोड फळे धरली. मिसुरीतल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने १८९० च्या दशकात त्याचे हक्क घेऊन नाव ठेवले ‘डेलिशस’. पुढे १९२० च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका झाडाची एकच फांदी इतर फांद्यांच्या आधी आणि अधिक लाल होऊ लागली. स्टार्कांनी त्या एका फांदीसाठी ६००० डॉलर मोजले. तिथून पुढे लालाहून लाल अशी निवड सुरू झाली. साल गडद होत गेली आणि जाडही. चव मागे पडत गेली, कारण चवीच्या बाजूने मत द्यायला दुकानात कोणी नव्हते. अमेरिकनांना हे कळायला बराच काळ लागला. २०१८ साली तिथल्या उत्पादनात ‘गाला’ने रेड डेलिशसला पहिल्या जागेवरून खाली आणले.

आपल्याकडे हेच घराणे हिमाचलमार्गे आले. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये आलेले सॅम्युअल स्टोक्स, पुढे ज्यांनी सत्यानंद हे नाव घेतले, त्यांनी १९१६ साली स्टार्कांचीच रोपे शिमल्याजवळ कोटगढ भागात लावली. आज ‘रॉयल’ म्हणून मुरारला जे फळ मिळते, त्याचे मूळ पुरुष हे. तेव्हा सदर बाजारात आपला डोळा जे पाहून भुलतो, ते डोळ्याला भुलवण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले आहे. आरोपीनेच न्यायाधीश नेमावा, तसा हा प्रकार.

फळवाला कधी कधी रसनेलाही प्रत्यक्षाची संधी देतो, हे खरे. त्याची रीत अशी. तो ढिगातले एक फळ उचलतो. कोणते उचलायचे ते त्याचे आधीच ठरलेले असते. खांद्यावरच्या गमछ्याने पुसतो, चाकूचे टोक तिरपे घालून दोन छेद देतो, आणि पात्यावरच उचललेला त्रिकोणी काप पुढे करतो. ‘लीजिए बाबूजी, चखिए.’ काप गोडच असतो. पण त्यावरून सिद्ध इतकेच होते की कापलेले फळ गोड होते, आणि नेमके तेवढे एक फळ आपल्या पिशवीत येत नाही.

अनुमान. जिथे धूर तिथे अग्नी; तसेच जिथे वजन तिथे रस, असे आमच्या आत्याचे मत. हे मत निराधार नाही. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे चौथा भाग हवा असते, म्हणूनच ते बादलीत तरंगते. ठेवून ठेवून पाणी उडाले की ते आणखी हलके होते. म्हणून आत्या सारख्या आकाराची दोन फळे दोन्ही तळहातांवर घेते, डोळे मिटते आणि जड असेल ते पिशवीत टाकते. तेवढा वेळ रहदारी खोळंबते.

आवाजावरून अनुमान करणारा दुसरा संप्रदाय आहे. तो ग्वाल्हेरीत असणारच. ज्या शहराने ख्यालगायकीला आपल्या नावाचे घराणे दिले, जिथे कृष्णराव शंकर पंडित गायले, जिथे १९१८ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत विद्यालय निघाले, तिथला मराठी माणूस फळही कानाजवळ नेऊन टिचकी मारून घेतो. पाश्चात्त्यांना हे उशिरा सुचले. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ साली सहकाऱ्यासह दाखवून दिले की बटाट्याचे काप चावताना होणारा आवाज कानाला वाढवून ऐकवला, तर तेच काप खाणाऱ्याला अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटतात. या शोधाबद्दल त्यांना २००८ चे इग-नोबेल मिळाले. करकरीतपणा दाताइतकाच कानाने चाखला जातो, हे त्यातून ठरले. मात्र मुरारच्या कानात एक दोष आहे, तोही नोंदवला पाहिजे. थंडीत इथे मुरैन्याची गजक खाल्ली जाते. तीळ आणि गूळ कुटून कुटून तिचे जे पापुद्रे होतात, त्यांच्या आवाजाची सवय झालेल्या कानाला कोणतेही सफरचंद मंद्र सप्तकातच वाटणार.

तिसरा संप्रदाय अंगठ्याचा. १९२० च्या दशकात मॅग्नेस आणि टेलर या अमेरिकनांनी फळात दांडी खुपसून तिला किती जोर लागतो ते मोजण्याचे यंत्र केले. सफरचंदासाठी दांडीची जाडी ११ मिलिमीटर ठरली. मुरारचा अंगठा याहून जाड असला तरी तत्त्व तेच. अडचण अशी की सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाईक तेच फळ दाबून घट्टपणा मोजते, आणि संध्याकाळपर्यंत मोजणीनेच ते मऊ होते. फळवाल्याचे ‘दबाइए मत, बाबूजी’ हे वाक्य म्हणजे तक्रार नव्हे, निरीक्षणाने वस्तू बदलते या सिद्धान्ताचे बाजारी रूप आहे.

उपमान. गाय पाहिलेल्याला ‘गवा गायीसारखा असतो’ असे सांगितले की रानात गवा ओळखता येतो. तसे फळवाला सांगतो, ‘जो पिछले हफ़्ते ले गए थे, वही है।’ साम्य मान्य. पण मधल्या आठवड्यात मुरारमध्ये मे महिना होता आणि पारा ४५ च्या आसपास. सफरचंद थंडीत आठवडे काढते, या उन्हात दिवसांत म्हातारे होते. मागच्या आठवड्याचे तेच फळ आज आणले, तर ते तेच राहिलेले नसते. शिमल्याला जाऊन आलेल्यांचे उपमान याहून घातक. ‘तिथं झाडावरचं खाल्लं, त्याची सर नाही’ असे म्हणून ते घरभर प्रत्येक फळाला नापास करत हिंडतात. त्यांना फळे देऊच नयेत.

खराब फळ बदलून मागण्याची चाल उपमानातच बसते. ‘हे काढा, ते घाला.’ मुरारला अदलाबदलीची परंपरा थोर आहे. १८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत दिली आणि त्या बदल्यात झाशी घेतली. तेव्हापासून इथल्या माणसाचा समज आहे की मागून पाहिले तर सारे काही बदलून मिळते.

शब्द. आप्ताचे वाक्य हे प्रमाण. आप्त म्हणजे ज्याला वस्तूचे खरे ज्ञान आहे आणि फसवण्याची इच्छा नाही तो. फळवाला यातली पहिली अट पूर्ण करतो. सालीवर चिकटवलेला कागद हा लिखित शब्द होय. त्यावरचे चार आकडे जगभर ठरलेले असतात: ४०१६ म्हणजे मोठे रेड डेलिशस, ४०१७ म्हणजे मोठे ग्रॅनी स्मिथ. जात कळते, आकार कळतो. दात लावल्यावर काय होईल याविषयी हा शब्द मौन पाळतो. आत्या त्याला फळाचे आधार कार्ड म्हणते. ओळख पटते, स्वभाव कळत नाही.

अर्थापत्ति. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. म्हणजे तो रात्री जेवतो. मीमांसकांचे हे जुने उदाहरण सफरचंदाला इतके तंतोतंत लागू पडते की ते त्याच्यासाठीच केले असावे अशी शंका येते. काश्मीरचा मुख्य हंगाम ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. जूनमध्ये मुरारच्या गाडीवर काश्मिरी सफरचंद टवटवीत दिसते. जूनमध्ये ते झाडावरून उतरलेले असणे शक्य नाही. म्हणजे ते मधले सारे महिने कुठेतरी निजून होते. कुठे, तर नियंत्रित हवेच्या शीतगृहात, जिथे प्राणवायू कमी करून फळाचा श्वास मंद करतात. ही विद्या केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात बसवली. आज काश्मीरमध्ये पुलवाम्याजवळ लासीपोऱ्याला अशी शीतगृहे आहेत. तिथून निघालेले फळ राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दिल्ली, आग्रा करत खाली उतरते. हाच रस्ता श्रीनगरहून ग्वाल्हेरवरून कन्याकुमारीपर्यंत जातो, त्यामुळे फळाला वाट चुकण्याचीही सोय नाही. शीतगृहात ते कुंभकर्णासारखे निजते आणि बाहेरच्या उन्हात आल्यावर साऱ्या महिन्यांचे म्हातारपण घाईने उरकते. सहा प्रमाणांत एकटी अर्थापत्ति काहीतरी खरे सांगते. पण ती फळाविषयी नाही, महिन्याविषयी सांगते.

अनुपलब्धि. भोक दिसत नाही, म्हणून कीड नाही. इथे मीमांसक सावध करतात की जे असते तर दिसलेच असते, त्याच्याच न दिसण्यावरून अभाव ठरवावा. पेटीतला खालचा थर असतो, पण दिसत नाही. वरचा थर जांभळ्या कागदात नाहीतर फोमच्या जाळीत नवरदेवासारखा बसलेला असतो आणि वऱ्हाडाविषयी काही बोलत नाही.

परीक्षकविचार

सहा प्रमाणे थकली. आता आधुनिकांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकन सैन्याच्या पुरवठा खात्याने शिपायांना कोणते अन्न किती आवडते हे मोजण्यासाठी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली: ‘अत्यंत आवडले’ पासून ‘अत्यंत नावडले’ पर्यंत, मध्ये ‘ना आवडले ना नावडले’. आज जगभर सफरचंदाची परीक्षा याच पट्टीने होते. विद्या छावणीतली, तेव्हा मुरारच्या छावणीला ती परकी वाटू नये. पण मराठी घरात पट्टी मोडते. ‘बरं आहे’ या एका उत्तरात तिच्या मधल्या पाच पायऱ्या सामावतात. ‘वाईट नाही’ ही वरून दुसरी पायरी. सर्वांत वरची पायरी तोंडाने सांगत नाहीत, ‘कितीला घेतलंस?’ हा प्रश्न आला की ती गाठली असे समजावे. सर्वांत खालची पायरी म्हणजे मौन, आणि उरलेली फोड मोलकरणीच्या मुलाला.

इथपर्यंत आल्यावर मूळ प्रश्नातच खोट आहे हे ध्यानात येते. आपण समजून चाललो की घेणारा आणि खाणारा एकच. मुरारमध्ये, आणि जिथे जिथे मराठी घर आहे तिथे, सफरचंद बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी घेतले जाते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची गाडी हे त्याचे मुख्य तीर्थ. घेणारा नातेवाईक ते खाणार नाही. ज्याच्यासाठी घेतले त्याच्या तोंडाला तापाने चव नाही. आणि शेवटी जो खातो तो उशाशी बसलेला भाचा, त्याचे मत कोणी विचारत नाही. काही सफरचंदे तर खाल्लीच जात नाहीत. एका आजाऱ्याच्या उशापासून दुसऱ्याच्या, तिथून सत्यनारायणाच्या चौरंगावर आणि तिथून प्रसादाच्या फोडींत, असा त्यांचा प्रवास चालतो. अशा फळाला चव लागत नाही, दिसणे लागते. नातेवाइकाने लाल, मोठे आणि चकचकीत फळ घेतले तर तो मूर्ख ठरत नाही; त्याच्या कामापुरते ते उत्तमच आहे. अमेरिकेतल्या त्या फांदीला ६००० डॉलर मिळाले ते अशाच घेणाऱ्यांच्या जोरावर.

आता उरला खरा खाणारा. आमच्या घरात पिठूळ सफरचंद निघाले की सगळे तोंड वाकडे करतात, आणि आजोबा पुढे सरकतात. ते फळ आडवे चिरून अर्धे डाव्या हातात धरतात, मधल्या बिया नखाने काढतात आणि स्टीलच्या चमच्याने कडेपासून खरवडायला लागतात. चमचा फिरतो तसा गर लोण्यासारखा वर येतो; एक घास स्वतःला, एक मांडीवरच्या नातीला, जिला अजून पुढचे दोनच दात आहेत. साल वाटीसारखी रिकामी होते. करकरीत सफरचंदावर हाच चमचा चालवून पाहावा: तो घसरतो, रस बाहीत जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणजे ज्या फळाला घराने नापास केले, ते कवळी लावणाऱ्याचे आणि दात न आलेलीचे सर्वोत्तम फळ. उलट थोरल्या नातवाच्या हाती पडले तर त्याच फळाची निंदा झाली असती.

सिद्धान्त आणि विधी

त्यावरून सिद्धान्त असा: सफरचंदाची प्रत फळात राहत नाही, फळ आणि दात यांच्या संयोगात राहते. फळ वाईट नसते. ते चुकीच्या तोंडात पडते. म्हणून गाडीपाशी ‘हे कसे निघेल?’ हा प्रश्न सहाही प्रमाणांना पेलला नाही, कारण तो अर्धाच प्रश्न होता. पुरा प्रश्न ‘हे कोणासाठी?’ असा आहे, आणि त्याचे उत्तर गाडीवर नसून घरी आहे.

यावरून पुढील विधी निघतात. स्वतः खायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ झाडावरून उतरून ट्रकाने मुरारला येते तेव्हा घ्यावे, रंगाकडे न पाहता हातावर तोलून घ्यावे. आजाऱ्याला न्यायचे असेल तर वर्षभर कोणतेही, पण लाल घ्यावे आणि सोबत चाकू न्यावा, नाहीतर ते फिरतीवर जाईल. उन्हाळ्यात घेतले तर फ्रीजमध्ये ठेवावे आणि इतर फळांपासून दूर ठेवावे, कारण पिकण्याची घाई त्याला संसर्गाने लागते आणि ते स्वतःही ती इतरांना लावते. मऊ निघाल्यास आजोबांना हाक मारावी. करकरीत निघाल्यास हाक मारण्याची गरज पडत नाही. आवाज ऐकून नातू येतो.

सफरचंद सोलून खावे की सालीसकट, हा विषय या ग्रंथात घेतलेला नाही. त्यावर आमच्या घरात आई आणि आत्या असे दोन पक्ष आहेत, दोघींची प्रकृती उत्तम आहे आणि स्वयंपाक त्यांच्याच हाती आहे. तेव्हा तूर्त दोन्ही पक्ष ग्राह्य.